बिरबल साहनींच्या तीन चुका

१९९१ साली बिरबल साहनींची जन्मशताब्दी होती. मी तेव्हा नागपूरच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत होतो. वार्षिकांकासाठी साहनींवर लेख लिहिण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले आणि मी तो दोन रात्रींत लिहून दिला. अशा लेखांचा साचा ठरलेला असतो. लहानपणीची दगडगोटे जमवण्याची हौस, परदेशी शिक्षण, मायदेशी परत येण्याचा निर्धार, मानसन्मान, एखादी संस्था आणि चटका लावणारा मृत्यू. साहनींच्या आयुष्यात हे सगळे खरोखरच आहे, त्यामुळे लेख आपोआप जमला.

अंक निघाल्यावर तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, लेख आवडला. पण दख्खनच्या दगडाच्या वयाबद्दल त्यांचं चुकलं होतं ना? तुम्हीच वर्गात सांगितलं होतं. लेखात ते आलं नाही."

मी म्हणालो, "अगं, शताब्दीच्या लेखात ते कसं लिहायचं?"

ती "हो सर" म्हणाली आणि गेली.

त्या 'हो सर'चा अर्थ मला तेव्हाच कळला होता. वर्गात जे मी निःसंकोच सांगत होतो ते छापताना गाळले होते, कारण मोठ्या माणसाची चूक लिहिली की त्याचे मोठेपण कमी होते अशी माझी समजूत होती. पुढे जीवाश्मांच्या काचपट्ट्या पाहण्यात आणि साहनींचे मूळ निबंध वाचण्यात बरीच वर्षे गेली, आणि ही समजूत उलटी झाली. साहनींच्या कारकिर्दीचे मोल त्यांच्या चुका वगळून नीट समजतच नाही असे आता माझे मत आहे. त्यांच्या तीन महत्त्वाच्या निष्कर्षांना पुढच्या संशोधनाने बाजूला सारले. पण या तिन्ही चुका एका जातीच्या नाहीत. त्या वेगवेगळ्या ओळखता येणे म्हणजेच या शास्त्रज्ञाचे मूल्यमापन करणे होय.

पुनर्तपासणीपासून सुरुवात

चरित्राचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वत्र मिळतो. साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेडा या गावी झाला. वडील रुचीराम साहनी रसायनशास्त्राचे प्राध्यापक. लाहोरला पदवी घेऊन १९११ मध्ये बिरबल केंब्रिजला गेले आणि तिथे त्यांना ए. सी. सीवर्ड हे गुरू लाभले. १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्‌सी. घेऊन ते परतले. बनारस आणि लाहोर येथे थोडा काळ शिकवून १९२१ पासून अखेरपर्यंत ते लखनौ विद्यापीठात राहिले. १९३६ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. माझ्या पिढीच्या आधीच्या अनेकांनी वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा ज्या लॉसनच्या पाठ्यपुस्तकातून घेतला, त्याची भारतीय विद्यार्थ्यांसाठीची आवृत्ती साहनी आणि विलिस यांनी केली होती.

या तपशिलांपेक्षा मला एक शब्द महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे पुनर्तपासणी. भारतातील गोंडवन काळाच्या जीवाश्म वनस्पतींचे पहिले मोठे काम एकोणिसाव्या शतकात ओटोकार फाइस्टमान्टेल यांनी भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यासाठी केले होते. सीवर्ड आणि साहनी यांनी ते सगळे नमुने पुन्हा तपासले आणि १९२० मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर साहनींनी एकट्याने भारतातील शंकुधारी वृक्षांच्या जीवाश्मांची तपासणी १९२८ आणि १९३१ अशा दोन भागांत पुरी केली. आधीच्या माणसाने ठेवलेला दगड हातात घ्यायचा, त्याने दिलेले नाव बाजूला ठेवायचे आणि दगड काय सांगतो ते नव्याने पाहायचे, हे काम त्यांनी दशकभर केले. ज्याच्या कारकिर्दीची सुरुवात दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्याने झाली, त्याच्या चुका कुणी काढल्या तर त्यात अनादर कसला?

त्यांच्या हातचे जे टिकले तेही आधी सांगायला हवे, नाहीतर पुढचे वाचून वाचकाच्या मनात चुकीचा तोल बसेल. राजमहाल टेकड्यांतील निपानिया या गावचे अश्मीभूत अवशेष घ्या. तिथे खोडाचे तुकडे वेगळे, पाने वेगळी, बिया असलेली शंकूसारखी फळे वेगळी अशी सापडत. जीवाश्मांच्या बाबतीत नेहमीच असे होते. झाड मरते तेव्हा त्याचे अवयव विखुरतात, आणि प्रत्येक तुकड्याला वेगळे नाव पडते. १९४८ मध्ये साहनींनी हे तुकडे एकाच वनस्पतिगटाचे आहेत असे दाखवून 'पेंटॉक्सिली' नावाचा नवा गट मांडला. नावाचा अर्थ पाच काष्ठे असलेला, कारण खोडाच्या आडव्या छेदात लाकडाचे साधारण पाच स्वतंत्र गाभे दिसतात. हा गट आजही उभा आहे. त्याचे नातेवाईक कोण याविषयी वाद चालतो, पण तो आहे याविषयी नाही.

पहिली चूक: लाकूड खरे, नाव चुकले

राजमहालच्याच एका लाकडापासून पहिल्या चुकीची गोष्ट सुरू होते. १९३२ मध्ये साहनींनी 'होमॉक्सिलॉन राजमहालेन्से' या नावाने एक अश्मीभूत लाकूड वर्णिले आणि ते सपुष्प वनस्पतीचे असल्याचे म्हटले. हा साधा दावा नव्हता. आंबा, सागवान, बाभूळ अशा बहुतेक सपुष्प वृक्षांच्या लाकडात पाणी वर नेणाऱ्या रुंद नळ्या असतात. त्या नसलेले मोजके वृक्ष पूर्व आशियात आणि दक्षिण गोलार्धात आजही आहेत, आणि त्यांना आदिम मानले जात असे. राजमहालचे खडक तेव्हा ज्युरासिक काळाचे समजले जात. फुलझाडे पृथ्वीवर एकाएकी कुठून आली या प्रश्नाने डार्विनलाही सतावले होते. त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा भारतात सापडला, असे साहनींच्या निबंधाचे सांगणे होते.

१९५२ मध्ये शू जेन आणि बोस यांनी या लाकडाविषयी अधिक माहिती प्रसिद्ध केली. शू जेन हे चीनमधून लखनौला साहनींकडे आलेले अभ्यासक. त्यांच्या पाहणीतून असे निघाले की हे लाकूड फुलझाडाचे नसून बेनेटाइटेलीज या नामशेष गटातले आहे. सायकससारख्या पानांचा हा गट फुलझाडांचा पूर्वज नव्हे. १९५४ मध्ये बोस आणि साह यांनी लाकडाचे नाव बदलले आणि नवे नाव ठेवले 'साहनिऑक्सिलॉन'. गुरूची चूक दुरुस्त करताना गुरूचेच नाव तिथे कोरण्याची ही पद्धत मला फार भारतीय आणि फार सुंदर वाटते.

पण खरी गंमत पुढे आहे. त्याच १९३२ साली साहनींनी 'विल्यमसोनिया सीवर्डियाना' या वनस्पतीचे वर्णन प्रसिद्ध केले होते. खोड, पाने आणि पुष्पसदृश अवयव जुळवून उभ्या झाडाचे जे चित्र त्यांनी काढले, ते पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. ही वनस्पती बेनेटाइटेलीज गटातली. म्हणजे ज्या गटाचे अखंड झाड ते एका टेबलावर उभे करीत होते, त्याच गटाचे लाकूड दुसऱ्या टेबलावर त्यांना फुलझाडाचे वाटत होते! बुद्धी कमी पडली असे इथे म्हणता येत नाही. प्रश्न मोठा असला की उत्तर दिसण्याची घाई होते. त्या लाकडाने डार्विनच्या कोड्याला हात घातला नसता तर साहनींनी त्याच्याकडे अधिक थंडपणे पाहिले असते, असे मला वाटते.

तरीही ही चूक उत्तम जातीची आहे. नमुना जपून ठेवला होता, छेद काढलेले होते, वर्णन तपशीलवार होते. म्हणून वीस वर्षांनी दुसऱ्याला ती तपासता आली.

दुसरी चूक: आपल्या दगडाचे वय

आता माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतो. महाराष्ट्रातील वाचकाला हा भाग जवळचा वाटेल, कारण यातला दगड आपल्या पायाखालचा आहे. सह्याद्रीचे कडे, किल्ल्यांचे तट, अजिंठा आणि वेरूळची लेणी, घरातला पाटा-वरवंटा, हे सगळे ज्या काळ्या दगडाचे, तो दगड म्हणजे लाव्हारसाचे एकावर एक साचलेले थर. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. भूशास्त्रात त्याला दख्खनचा ट्रॅप म्हणतात.

लाव्हाचा एक लोट आला आणि दुसरा यायला मध्ये काळ गेला, तर त्या अवधीत थंड झालेल्या दगडावर तळी साचली, झाडे वाढली, मासे आणि गोगलगायी नांदल्या. मग नवा लोट आला आणि तळ्याचा गाळ दोन थरांच्या मध्ये बंद झाला. पाण्यातल्या सिलिकामुळे गाळातल्या वनस्पती पेशीन्‌पेशी दगड झाल्या. हे आंतरट्रॅप थर. नागपूरकरांना त्यांचा शोध लावण्याचा मान आहे असे म्हणायला हरकत नाही, कारण स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने आपला सहकारी हंटर याच्यासह १८५५ मध्ये नागपूर परिसरातील भूरचना आणि जीवाश्म यांविषयी सविस्तर निबंध लिहिला. सीताबर्डीची टेकडी आणि टाकळी ही नावे त्या निबंधामुळे भूशास्त्रात गेली. ज्या हिस्लॉपच्या नावाने नागपुरात महाविद्यालय आहे तोच हा हिस्लॉप. हे थर टर्शरी काळाचे, म्हणजे डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरचे, असे त्याचे मत होते.

पुढे सर्वेक्षण खात्यातील भूशास्त्रज्ञांनी हे मत मागे टाकले. ट्रॅपच्या खाली लॅमेटा नावाचे थर आहेत. त्यांत जबलपूरला आणि आपल्याकडे वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडे मिळाली. त्यामुळे ट्रॅपचा आरंभ क्रिटेशस काळातच झाला असे ठरले आणि ते पाठ्यपुस्तकांत रुजले.

१९३४ मध्ये साहनींनी 'करंट सायन्स'मध्ये हा प्रश्न पुन्हा उकरून काढला. लेखाचे शीर्षकच प्रश्नार्थक होते: दख्खनचे ट्रॅप क्रिटेशस की टर्शरी? साक्षीला त्यांनी वनस्पती आणल्या. छिंदवाडा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. त्या जिल्ह्यातील मोहगाव कलान आणि सौसर या भागांतील चर्ट दगड कापला की आत आख्खे वन दिसते. तिथे ताडकुळातील वृक्षांची रेलचेल आहे. सौसरच्या दगडात अझोला आहे, हेच तरंगते नेचे आज आपले शेतकरी गुरांच्या चाऱ्यासाठी वाफ्यात वाढवतात. मोहगावच्या दगडात नीपाचे फळ आहे. नीपा हा खाऱ्या चिखलात वाढणारा पाम, आज सुंदरबनात दिसतो. छिंदवाड्याच्या आसपास कधीकाळी खाडीचे पाणी येत होते की काय, हा प्रश्न त्या एका फळाने उभा केला.

मी पहिल्यांदा तो दगड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा विद्यार्थी होतो. आमच्या सरांनी घासून पातळ केलेला छेद काचपट्टीवर लावला आणि काही न बोलता बाजूला झाले. पेशींच्या भिंती, बीजांच्या कप्प्यांची रांग, सगळे काल तोडलेल्या फळासारखे होते. ते साहनींनी १९४३ मध्ये वर्णिलेले 'एनिग्मोकार्पॉन' होते. नावाचा अर्थ कोड्यात टाकणारे फळ. साहनींनी त्याचे नाते मेंदीच्या कुळाशी जोडले. आपले राज्यपुष्प तामणही त्याच कुळातले. पुढे नागपूरच्या व्ही. बी. शुक्लांनी मोहगावच्याच दगडातले एक फूल वर्णिले आणि त्याला 'साहनिअँथस' हे नाव दिले. ते त्याच वनस्पतीचे फूल असल्याचे मानले जाते. एवढ्या जुन्या झाडाचे फूल आणि फळ दोन्ही हाती लागणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

साहनींचा युक्तिवाद असा होता. अझोला, नीपा आणि पामवृक्षांची ही विपुलता जगात इतरत्र टर्शरी थरांत आढळते. लंडनच्या चिकणमातीत नीपाची फळे ढिगांनी मिळतात आणि तो थर निश्चितपणे टर्शरीतील इओसीन काळाचा आहे. म्हणून आपले आंतरट्रॅप थरही त्याच काळाचे असले पाहिजेत.

आज उत्तर काय आहे? किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून खडकाचे वय काढण्याच्या पद्धतींनी लाव्हाचा मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा ठरतो. क्रिटेशस आणि टर्शरी यांच्यामधली सीमारेषा नेमकी याच वयाची आहे. १९८६ मध्ये कूर्तियो आणि सहकाऱ्यांनी दख्खनचा उद्रेक या सीमेवरच झाला असे सुचवल्यापासून, डायनोसॉरांच्या नाशात या लाव्हाचा वाटा किती, हा वाद जगभर चालू आहे. ती सीमारेषा लाव्हाच्या राशीतूनच जाते. क्रिटेशस की टर्शरी या साहनींच्या प्रश्नाचे उत्तर 'दोन्ही' असे निघाले. मोहगाव कलानच्या थरांत पुढे क्रिटेशस अखेरचे परागकणही ओळखले गेले. म्हणजे ज्या दगडावर साहनींनी आपला टर्शरीचा दावा उभा केला, तोच दगड सीमेच्या अलीकडचा, क्रिटेशस बाजूचा ठरला.

चूक कुठे झाली? अझोला आणि नीपा क्रिटेशसमध्ये तोवर सापडले नव्हते, इतकेच तेव्हा खरे होते. पुढे दोन्हींचे अवशेष क्रिटेशसच्या अखेरच्या थरांत मिळाले. साहनींनी 'सापडले नाही' याचे 'नव्हते' असे केले. जीवाश्मशास्त्रात ही चूक जवळजवळ अटळ असते. दुसरी अडचण अशी की भारतीय दगडाचे वय लंडनच्या घड्याळात पाहिले गेले. इथल्या वनाचा इथला क्रम अजून ठाऊक नव्हता. तो ठाऊक नसताना तुलनेला युरोपच हाताशी होता. १९४९ मध्ये साहनी गेले तेव्हा दख्खनच्या लाव्हाचे वय प्रयोगशाळेत मोजण्याचे तंत्र अजून हाती आले नव्हते. तेव्हा उत्तरकाळाचे शहाणपण त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

पण एका गोष्टीचा दोष मात्र द्यावा लागतो. जानेवारी १९४० मध्ये मद्रासला भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्षीय भाषण साहनींनी याच विषयावर केले. शीर्षक होते: दख्खनचे ट्रॅप, टर्शरी युगातील एक घटना. १९३४ मध्ये शीर्षकाच्या शेवटी असलेले प्रश्नचिन्ह सहा वर्षांत गळून पडले होते. या काळात पुरावा वाढला हे खरे, पण तो त्याच प्रकारचा होता, वेगळ्या प्रकारची साक्ष आली नव्हती. डायनोसॉरच्या हाडांचा प्रश्न सुटला नव्हता. अशा वेळी प्रश्नचिन्ह काढून टाकणे पुराव्याने नव्हे, तर खात्रीने केले. व्यासपीठ मोठे होते, देश आपल्या शास्त्रज्ञांकडे पाहत होता आणि श्रोत्यांना उत्तर हवे होते. त्या दिवशी प्रश्नचिन्ह ठेवले असते तर भाषण थोडे फिके झाले असते, पण आज ते अधिक खरे वाचले गेले असते.

इतके लिहूनही दुसरी चूक मला फलदायी वाटते. साहनींच्या दाव्यामुळेच मोहगाव आणि सौसरच्या दगडांकडे पिढ्यांनी लक्ष दिले. नागपूरला आणि पुण्यात टी. एस. महाबळ्यांच्या विभागात या वनस्पतींचा अभ्यास पुढे चालला. आज आपण क्रिटेशस अखेरच्या वनाविषयी जे बोलतो ते बरेचसे त्याच दगडांच्या जोरावर.

तिसरी चूक: मीठ

तिसरी चूक मला सर्वांत अवघड वाटते, आणि माझ्या जुन्या लेखात तिचा उल्लेखही नव्हता.

भेड्यापासून फार दूर नाही अशी मिठाची डोंगररांग आहे. तिथे खेवड्याच्या खाणी आहेत. सैंधव म्हणून जे गुलाबी मीठ आपण उपासाला वापरतो, ते प्रामुख्याने तिथले. ही रांग साहनींच्या बालपणीच्या परिसरातली. या मिठाच्या थरांवर कॅम्ब्रियन काळातील ट्रायलोबाइटांचे अवशेष असलेले खडक आहेत. खालचे आधीचे, वरचे नंतरचे, हा भूशास्त्राचा साधा नियम. त्या नियमाने मीठ पन्नास कोटी वर्षांहून जुने ठरते. उलट काहींचे म्हणणे असे की जमिनीच्या हालचालीत जुने खडक नव्या मिठावर सरकले आणि मीठ मुळात इओसीनचे आहे.

१९४०नंतर साहनींनी यात उडी घेतली. मीठ आणि त्याच्याबरोबरचे चिकणखडक विरघळवून त्यांनी उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात लाकडाचे सूक्ष्म तुकडे आणि कीटकांच्या अंगाचे अंश दिसले. काही लाकूड फुलझाडांचे होते. फुलझाडे कॅम्ब्रियनमध्ये असूच शकत नाहीत. म्हणून मीठ इओसीनचे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९४४ आणि १९४५ मध्ये या विषयावर परिसंवाद झाले. बाहेरून काही मिसळले असेल ही शंका त्यांनी स्वतःच उपस्थित केली होती आणि नमुने घेताना खबरदारीही घेतली होती.

आज मीठ कॅम्ब्रियनच्या आरंभीचे किंवा त्याआधीचे मानतात. मग ते तुकडे कुठून आले? मीठ इतर खडकांसारखे नसते. ते दाबाखाली वाहते, पाण्यात विरघळते, पुन्हा गोठते, आणि या फेऱ्यांत नव्या काळाचा कचरा आत बंद करू शकते. सूक्ष्म तुकड्यांच्या बाबतीत ही शक्यता पूर्णपणे मिटवणे कठीण असते.

या चुकीला मी आधीच्या दोन चुकांच्या रांगेत बसवीत नाही. होमॉक्सिलॉनमध्ये पुरावा खरा होता, नाव चुकले. ट्रॅपच्या प्रश्नात पुरावा खरा होता, त्यावरून काढलेला काळ चुकला. मिठाच्या बाबतीत मात्र पुरावाच परका होता. इथे अधिक बारीक पाहिल्याने चूक सुधारत नव्हती, उलट अधिक पाहावे तसे अधिक तुकडे दिसत. साहनींची सर्वांत मोठी ताकद म्हणजे डोळा, आणि तोच इथे त्यांना पकडून राहिला. शेतातल्या भूशास्त्रज्ञाला थरांचा क्रम जे सांगत होता, त्यापेक्षा प्रयोगशाळेतल्या तुकड्याला त्यांनी अधिक वजन दिले. बालपणीच्या डोंगराविषयीच्या ओढीचा यात काही भाग असेल का? असू शकेल. पण त्याचा पुरावा माझ्याकडे नाही, आणि या लेखात तरी पुराव्याशिवाय पुढे जाऊ नये.

पायाचा दगड

साहनींचा डोळा दगडांपुरता नव्हता. १९३६ मध्ये रोहतकजवळ खोखरा कोट येथे त्यांना मातीचे तुकडे दिसले. ते यौधेयांची नाणी ओतण्याचे साचे होते. त्यांवरून प्राचीन भारतातील नाणी ओतण्याच्या तंत्रावर त्यांनी १९४५ मध्ये निबंध लिहिला, तो नाणकशास्त्रातही मानला गेला. वेगनरचा भूखंड सरकण्याचा सिद्धान्त अनेक भूशास्त्रज्ञ उडवून लावीत होते, त्या काळात साहनी वनस्पतींच्या पुराव्यानिशी त्याचा गांभीर्याने विचार करीत होते. जे इतर चुकीचे समजत होते ते त्यांनी बरोबर असू शकेल असे मानले, आणि जे इतर बरोबर समजत होते ते काही वेळा चुकून नाकारले. दोन्ही गोष्टी एकाच स्वभावातून आल्या.

३ एप्रिल १९४९ रोजी लखनौला पंडित नेहरूंच्या हस्ते पुरावनस्पतिविज्ञान संस्थेची कोनशिला बसली. निरनिराळ्या काळांतील जीवाश्म त्या शिळेत बसवलेले आहेत, आणि ती साहनींनी स्वतः तयार करवून घेतली होती. एका आठवड्यात, १० एप्रिलला, त्यांचे निधन झाले. सावित्री साहनींनी ते काम पुढे वाहिले. १९५२ पासून संस्थेचे 'द पॅलिओबॉटनिस्ट' हे नियतकालिक निघू लागले.

माझ्या १९९१ च्या लेखाचा शेवट याच शिळेशी झाला होता. वाचकाच्या डोळ्यांत पाणी यावे अशा बेताने मी तिथे थांबलो होतो. आज मी तिथे थांबणार नाही. संस्थापकाला गेल्यावर पाचेक वर्षांतच त्याच्या भोवतीच्या माणसांनी त्याचे होमॉक्सिलॉन तपासले, खोडले आणि नव्याने नाव दिले. शोकाच्या काळात हे सोपे नव्हते. आपल्याकडे संस्थापकाच्या निधनानंतर त्याच्या विचारांना हार घालण्याची रीत आहे. लखनौला त्याच्या काचपट्ट्या कपाटातून काढून पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या गेल्या. साहनी फाइस्टमान्टेलच्या नमुन्यांशी जसे वागले, तसेच त्यांचे शिष्य त्यांच्या नमुन्यांशी वागले. त्यांनी घालून दिलेल्या वळणाची याहून मोठी खूण मला दिसत नाही.

ती विद्यार्थिनी पुढे कुठे गेली मला ठाऊक नाही. हा अंक तिच्या हाती पडेलच असेही नाही. पण पडलाच, तर तिला एवढेच सांगायचे आहे की तिचा प्रश्न बरोबर होता, आणि शताब्दीच्या लेखातही ते लिहायला हवे होते.